जर्मन आडनावाचं मूळ कसं शोधावं

खंडोबा, विठोबा आणि धनगरांविषयीचं अभ्यासू लेखन वाचणाऱ्या मराठी माणसाला एक जर्मन नाव भेटल्याशिवाय राहत नाही: गुंथर सोनथायमर. आपण ते असंच लिहितो आणि गोची तिथूनच सुरू होते. त्या नावात ‘थ’ नाहीच. ‘झोन्ट’ आणि ‘हायमर’ असे त्याचे दोन तुकडे आहेत. पहिल्याच्या शेवटचा टी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचा एच रोमन लिपीत शेजारी आले, आणि आपण त्यांचा ‘थ’ करून टाकला. सांधाच बुजला, मग अर्थ कुठून लागणार?

जर्मन आडनावाच्या शोधात निम्मं काम असे सांधे उघडण्याचं असतं, उरलेलं बरंचसं नकाशाचं. अर्थांच्या याद्या इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत, पण त्या शब्दाचा अर्थ सांगतात, घराण्याचा ठावठिकाणा नाही. म्हणून यादीपासून सुरुवात करू नका.

१. आधी स्पेलिंग पक्कं करा

जर्मनमध्ये ए, ओ आणि यू या अक्षरांवर दोन टिंबं येतात. टिंबं देण्याची सोय नसली की अक्षरापुढे ई लिहितात. आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या रोमन पाटीवर यूनंतर ई दिसतो तो यामुळेच. इंग्रजी कागदांत पुष्कळदा टिंबंही जातात आणि ईसुद्धा येत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर तिथे ‘बुहलर’ होऊन बसतात. तेव्हा शोधताना तिन्ही रूपं टाकून पाहा. शिवाय आयच्या जागी वाय, केच्या जागी सी, टीच्या जागी डीटी किंवा टीएच. ‘मायर’ हे एकच नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहितात.

हाताशी जुनं पत्र असेल तर ते बहुधा कुरेंट लिपीत असेल. मोडी पाहिलेल्या माणसाला तिचा धक्का बसणार नाही. सराव होईपर्यंत सगळं एकसारखं दिसतं. तिच्यातला ई बघावा तर एनसारखा, आणि यू व एन यांत घोळ होऊ नये म्हणून यूच्या डोक्यावर छोटी कमान काढतात. जुन्या छापील पुस्तकांतला लांब एस तर हमखास एफ वाचला जातो.

घराणं अमेरिकेला गेलेलं असेल तर म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ, त्सिमरमानचा कार्पेंटर झालेला असू शकतो. ‘न्यूयॉर्कच्या बंदरात कारकुनाने आमचं नाव बदललं’ ही कहाणी घरोघरी सांगतात, पण तिच्यावर विसंबू नका. तिथले कारकून जहाजावरून आलेली यादी ताडून पाहत. नावं बदलली ती बहुतेकदा लोकांनी स्वतःच, पुढे स्थिरावताना.

२. आडनाव कोणत्या प्रकारचं ते ओळखा

इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे, कारण आपली आडनावंही साधारण त्याच वाटांनी आली. जर्मन आडनावांचे ढोबळ पाच प्रकार: बापाच्या नावावरून, धंद्यावरून, घराच्या जागेवरून, मूळ गावावरून आणि टोपणनावावरून. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर शिंपी, वेबर कोष्टी, फिशर कोळी. श्वार्त्स म्हणजे काळे, फुक्स म्हणजे कोल्हे. वोल्फला लांडगे म्हणायचा मोह होतो, पण ते कधी वोल्फगांगचं लघुरूपही असतं. शुल्त्स हा गावातली देणी वसूल करणारा, म्हणजे जवळजवळ आपला पाटीलच.

सर्वांत मोठे खड्डे सोप्या वाटणाऱ्या नावांत असतात. ‘लेम’ म्हणजे चिखलमाती, म्हणून लेमान हा मातीकाम करणारा असेल असं वाटतं. तसं नाही. मूळ शब्द ‘लेन’, म्हणजे धन्याने सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन. लेमान म्हणजे वतनदार. कायझर आडनावाचा माणूसही सम्राटाचा वंशज नसतो. त्याचा पूर्वज सम्राटाच्या जमिनीवर राबत असेल, नाहीतर नुसता तोऱ्यात चालत असेल.

३. गावाचं नाव असेल तर गाव शोधा, एकच नव्हे, सगळी

आता झोन्टहायमर. शेवटचा ‘अर’ हा आपला ‘कर’. तो काढला की उरतं झोन्टहाइम. ‘हाइम’ म्हणजे वस्ती. ‘झोन’मुळे जर्मन माणसालाही सूर्य आठवतो, कारण सूर्याला जर्मनमध्ये ‘झोने’ म्हणतात. पण हा ‘झोन्ट’ मध्ययुगीन जर्मनमधला ‘झुन्ट’ आहे, म्हणजे दक्षिण. झोन्टहाइम म्हणजे दक्षिणेकडची वस्ती. आता दक्षिणेकडची वस्ती कुठल्याही मोठ्या गावाला असू शकते, त्यामुळे झोन्टहाइमही एक नाही. ब्रेन्त्स नदीकाठी एक आहे, हाइलब्रोन शहरात सामावलेलं एक, मेमिंगेनजवळ एक, आणि श्वेबिश आल्बच्या डोंगराळ भागात गुहेसाठी ओळखलं जाणारं एक. सगळी दक्षिण जर्मनीत.

आणखी एक गंमत. झोन्टहाइममध्ये राहणाऱ्याला झोन्टहायमर म्हणून कोण हाक मारणार? तिथे सगळेच झोन्टहायमर. हे नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर, जसं पुण्यात राहून कुणाला पुणेकर म्हणून वेगळं ओळखता येत नाही. म्हणून पूर्वज शोधायचे ते त्या गावात नव्हे, तर आसपासच्या दोन-चार दिवसांच्या पायी अंतरावरच्या गावांत आणि बाजारपेठांत. आपले सोनथायमर १९३४ साली जन्मले ते उल्ममध्ये. ब्रेन्त्सकाठचं झोन्टहाइम उल्मच्या ईशान्येला, फार लांब नाही. याने घराणं सिद्ध होत नाही, पण पहिला कागद कुठे मागायचा ते कळतं.

४. प्रसार नकाशावर पाहा

जर्मनीत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं आहेत. ती कुठे किती आढळतात याचे नकाशे फुकट पाहायला मिळतात. माइन्त्सच्या अकादमीच्या पुढाकाराने तयार होत असलेला डिजिटल आडनावकोश त्यात सर्वांत भरवशाचा, कारण तिथे नकाशाबरोबर व्युत्पत्तीही भाषातज्ज्ञांनी तपासलेली असते.

नकाशा वाचताना आधी पाहा की आकडे नुसते आहेत की लोकसंख्येच्या प्रमाणात. नुसते असतील तर बर्लिन आणि हाम्बुर्ग प्रत्येक आडनावाला ठळक दिसणार, कारण तिथे माणसंच जास्त. प्रमाणातला नकाशाच कामाचा. दुसरं, यांतले पुष्कळसे नकाशे लँडलाइन फोनच्या नोंदींवर उभे आहेत, आणि फोन घराला एक असतो, माणसाला नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९४५ नंतर सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया वगैरे पूर्वेकडच्या भागांतून मिळून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन लोक हुसकले गेले आणि पश्चिमेकडे पांगले. आजच्या नकाशात त्यांची आडनावं सगळीकडे विखुरलेली दिसतात. यावर एक चांगला उतारा आहे: पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या मृत-जखमींच्या याद्या. त्यांत सैनिकाचं गावही दिलेलं असतं, आणि संगणकीय वंशावळ संघटनेने त्या ऑनलाइन शोधता येतील अशा केल्या आहेत. पांगापांग होण्याआधीचा नकाशा त्यातून मिळतो.

शेवटच्या अक्षरांवरूनही प्रदेश कळतो. ‘सेन’ असेल तर डेन्मार्कला लागून असलेला उत्तर भाग, ‘ले’ असेल तर नैऋत्येकडचा श्वाबेन प्रांत, ‘ली’ असेल तर स्वित्झर्लंड. शेवटी ओ आणि मुका डब्ल्यू असेल, जसं फिर्शो, तर मूळ बहुधा ईशान्येकडच्या स्लाव गावांत. धंद्याची नावंही प्रांताप्रांतात बदलतात. कुंभार दक्षिणेत हाफनर, पूर्वेकडे ट्योप्फर.

म्युलरपुढे मात्र नकाशा हात टेकतो. हे जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे, श्मिट दुसरं. म्युलर म्हणजे पाणचक्कीवाला किंवा पवनचक्कीवाला, आणि चक्की गावोगाव होती. दोन म्युलरांचं नातं असण्याची शक्यता दोन कुलकर्ण्यांइतकीच. आपल्या मॅक्सम्युलरनाही नुसतं म्युलर फार सर्वसाधारण वाटलं, म्हणून त्यांनी स्वतःचं ‘माक्स’ आडनावालाच जोडून टाकलं. अशा वेळी प्रांतिक रूपांकडे बघा: उत्तरेत म्योलर, बव्हेरियाच्या बाजूला मिलर, आणि शिकलेल्यांनी लॅटिन केलेलं मोलिटोर. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम उभारणारे ओस्कार फोन मिलर त्या दक्षिणेकडच्या मिलरांपैकी, इंग्रज नव्हेत.

५. मग कागद मागा

सबंध जर्मन साम्राज्यात जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. प्रशियात त्याआधी, १८७४ च्या ऑक्टोबरात. नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद ११० वर्षं, विवाहाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं राखीव असते. तोवर ती जवळच्या नातलगांनाच मिळते. नंतर ती अभिलेखागारात जाते. १८७६ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. त्यांसाठी दोन संकेतस्थळं आहेत: प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिऑन (पैसे पडतात), कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला (फुकट). तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ मध्ये, पुष्कळ वह्या जळाल्या, त्यामुळे बऱ्याच गावांत वाट तिथेच संपते.

कागदातलं नाव तुमच्या नावाशी जुळलं नाही तर लगेच हिरमुसू नका. माजी चान्सलर अंगेला मेर्केल यांचं माहेरचं आडनाव कास्नर; आजोबांचं मूळ पोलिश आडनाव काझ्मिएर्चाक, ते त्यांनी १९३० साली जर्मन करून घेतलं. ‘कास्नर’चा अर्थ कोशात शोधत बसलात तर त्या घराण्याविषयी काहीच हाती लागत नाही.

‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ विकणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. कुलचिन्ह विशिष्ट घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं.

अभिलेखागाराला पत्र लिहाल तेव्हा गाव, धर्मपंथ, अंदाजे साल आणि आडनावाची सगळी स्पेलिंगं पहिल्या चार ओळींतच द्या. आणि झोन्टहायमर लिहिताना टी आणि एच वेगळे वाचता येतील इतकं अक्षर सुबक काढा.