मुलीच्या मागे कोणी लागले असेल तर गावाने काय करावे

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात कॉलेजकडे निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भररस्त्यात पेटवून दिले, तेव्हा लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरले. परंतु फाट्यावरच्या पानठेल्यावर रोज वाट अडवून उभा राहणारा, एसटीमागे मोटारसायकल घालणारा आणि नवनव्या नंबरांवरून फोन करणारा माणूस गावाला अजूनही पोरखेळच वाटतो. हा समज बचत गटाच्या बैठकीत तर खोडून काढावाच, पण ग्रामसभेत पुरुषांसमोरही खोडावा, कारण पानठेल्यावर बायका बसत नाहीत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने वारंवार तिचा पाठलाग करणे, संपर्क साधणे, तसेच नापसंती दाखवलेली नसली तरी मोबाइल-इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे हा गुन्हा असून, त्याला पहिल्या वेळी तीन व पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मुलगी अठरा वर्षांच्या आतील असल्यास मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही लागू होतो.

मुलीने सांगितले की आधी ऐकून घ्यावे. तिचे कॉलेज बंद करणे किंवा घाईने स्थळ पाहणे म्हणजे त्याच्या गुन्ह्याची शिक्षा तिला देणे होय. भीतीपोटी मेसेज पुसले जातात. तसे न करता नंबर व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून विश्वासातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही ठेवावेत. साध्या वहीत नोंद करावी: ‘मंगळवार, सकाळी साडेसात, फाटा, काळी मोटारसायकल, नंबर अमुक, सोबत मावशी होत्या.’ ठाण्यात अशी नोंद ‘तो नेहमी त्रास देतो’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पोलीस पाटलांनी ठाण्याला कळवावे. चावडीवर माफी मागवून प्रकरण मिटवू नये आणि पोराला बदडण्याच्या भरीसही कोणी पडू नये. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते आणि ती महिला अधिकाऱ्याने नोंदवावी लागते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत, आणि उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तक्रार झाली त्याच दिवशी तो गावात परतू शकतो, म्हणून सकाळच्या एसटीपर्यंत कोण सोबत जाईल, पांदण रस्त्याने शेतात जाताना कोण असेल, हे तक्रारीआधीच ठरवावे. पुढे तालुक्याच्या कोर्टात तारखा पडतात, मजुरी बुडते आणि साक्षीदार गळतात. तेव्हा वेचाईच्या दिवसांत तिच्या आईच्या जागी शेतात कोण जाईल, हेही बचत गटाने ठरवून ठेवावे.