थंडरबर्डची नवी आवृत्ती घेताना अ‍ॅड-ऑन्सचे काय करावे?

अ‍ॅड-ऑन्स म्हणजे थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामला जादा सोयी देणारे छोटे पूरक प्रोग्राम. थंडरबर्डची वार्षिक मोठी आवृत्ती अलीकडे जुलैमध्ये येते. 115 ही आवृत्ती जुलै 2023 मध्ये आली आणि 128 जुलै 2024 मध्ये. मुंबईत फोर्टपासून बोरिवलीपर्यंतच्या करसल्लागारांच्या कार्यालयांत एरवी हाच विवरणपत्रांच्या धावपळीचा महिना असल्यामुळे हे काम ती गर्दी ओसरल्यावर, एखाद्या शनिवारी दुपारी हाती घ्यावे.

प्रथम ‘अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स’ उघडून चालू अ‍ॅड-ऑन्सची यादी करावी व प्रत्येकाच्या परवानग्या पाहाव्यात. ठरवून दिलेल्या एपीआयवर (थंडरबर्डशी बोलण्याच्या अधिकृत मार्गांवर) चालणारी अ‍ॅड-ऑन्स बहुधा विनातक्रार पुढे येतात. ज्यांना थंडरबर्डवर आणि संगणकावर अनिर्बंध प्रवेश दिलेला दिसतो, ती मात्र ‘एक्सपेरिमेंट’ पद्धतीने प्रोग्रामच्या अंतर्भागात हात घालतात आणि तो अंतर्भाग बदलत राहत असल्यामुळे, त्यांच्या कर्त्याने वेळेवर सुधारणा केली नाही तर ती बंद पडतात. अशा प्रत्येक अ‍ॅड-ऑनच्या अधिकृत पानावर ते कोणत्या आवृत्तीपर्यंत चालते हे तपासावे.

पर्याय शोधण्यापूर्वी ती सोय थंडरबर्डमध्येच आली आहे का, हेही पाहावे. 2020 मध्ये 78 या आवृत्तीने जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन्स बंद केली, पण एनिग्मेल हे अ‍ॅड-ऑन करत असे ते ओपनपीजीपी कूटबद्धीकरण (इतरांना वाचता येऊ नये म्हणून ईमेल सांकेतिक करण्याची पद्धत) त्याच आवृत्तीत अंगभूत झाले.

मार्च 2025 पासून डाउनलोडच्या पानावर मासिक आवृत्ती आधी समोर येते. घरी ती ठीक आहे. कार्यालयाचे काम एक्सपेरिमेंटवाल्या अ‍ॅड-ऑनवर अवलंबून असेल, तर ‘ईएसआर’, म्हणजे वर उल्लेखलेली वार्षिक आवृत्तीच निवडावी, कारण तिचा अंतर्भाग वर्षभर जवळपास स्थिर राहतो.

‘हेल्प’मधील ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइलचे (तुमच्या ईमेल, खाती आणि सेटिंग्जचे) फोल्डर उघडावे, थंडरबर्ड पूर्ण बंद करावे आणि मग ते संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. अ‍ॅड-ऑन्सच्या सेटिंग्ज त्यातच असतात. शिवाय नव्या आवृत्तीने एकदा वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा उघडत नाही, त्यामुळे मागे फिरायचे झाल्यास ही प्रतच उपयोगी पडते.

त्यानंतर एकाच संगणकावर नवी आवृत्ती बसवून अ‍ॅड-ऑन्सचे अपडेट तपासावेत. काही अ‍ॅड-ऑन बंद दिसले, तर त्याची फाइल उघडून कमाल आवृत्तीचा आकडा वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने अडसर हटतो, पण आतला विसंगत कोड तसाच राहतो.