घोटा मुरगळल्यावर काय करावे?

पाऊल आत वळते, अंगाचा भार त्यावर येतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा) ताणले जाते किंवा फाटते. बहुतेक वेळा पाय मुरगळतो तो असाच.

१. आधी हाड मोडल्याची शंका तपासा. ‘बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत’ हा समज चुकीचा आहे. हाड मोडूनही बोटे हलतात. दोन्ही बाजूंच्या घोट्यांच्या हाडांची टोके आणि मागच्या कडा बोटाने दाबून पाहा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दाबा. यांपैकी कुठेही नेमके दुखले किंवा लंगडतही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. डॉक्टरही साधारण असेच ठरवतात. ‘ओटावा नियम’ म्हणतात ते हेच. लहान मुले आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. पाऊल वाकडे दिसत असेल किंवा गार, निळसर पडले असेल, तर क्षणभरही थांबू नका.

२. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्या. मुंग्या आल्या तर सैल करा. झोपताना पाय छातीपेक्षा उंच ठेवा.

३. पहिले दोन-तीन दिवस चोळणे, मालिश आणि गरम शेक टाळा. घरातले कुणीतरी तेलाची बाटली घेऊन येतेच; प्रेमाने नाही म्हणा.

४. दुखणे सोसवेल तसे पाऊल वर-खाली हलवा, थोडे चाला. आठवडाभर अंथरुणात पडून राहिल्याने सांधा आखडतो.

५. सूज उतरली की लोक इथेच थांबतात, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. लिगामेंटबरोबर सांध्याची तोल सावरण्याची जाणही बिघडलेली असते. ती सरावानेच परत येते. भिंतीजवळ दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहा, जमू लागले की डोळे मिटून. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायामही रोज करा. काही आठवडे चिकाटी लागते. खेळायला उतरण्यापूर्वी त्या एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या पाहिजेत.

घोट्याचे सगळेच दुखणे मुरगळण्याचे नसते. टाचेमागे ‘फट्’ आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईना, तर अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी) तुटल्याची शक्यता असते. मार न लागता सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही घोटे सुजले असतील, तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचीही तपासणी लागू शकते.