डिफेंडर खेळताना खालची माणसं कशी वाचवायची
भाऊ, डिफेंडर म्हणजे १९८१ चा विल्यम्सचा गेम, आधी आर्केडवर (नाणं टाकून खेळाच्या मशीनवर) आला न् मंग अटारीच्या घरगुती कॉम्प्युटरवर, आता एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकला की जुन्या लॅपटॉपवरही मस्त चालते. पयले हे समजून घ्या, आपल्या यानातून नुसतं गोळ्या मारत सुटाचं नाई, जमिनीवर १० माणसं हायेत, तेच खरा गेम हाय.

वरच्या छोट्या स्कॅनरवर (पूर्ण ग्रहाच्या नकाशावर) नजर ठेवा, मेन स्क्रीनपेक्षाही जास्त. लँडर (माणसं पळवणारं शत्रूचं यान) उतरते, माणूस उचलते न् सरळ वर घेऊन जाते, वर पोचलं की दोघं मिळून म्युटंट (चवताळलेला शत्रू) होते, न् ते मंग तुमच्या अंगावरच येते. म्हणून वर जाणारा ठिपका दिसला की बाकी सोडा, तिकडं पळा. गोळी आडवीच जाते, तर लँडरच्या उंचीवर येऊन मारा, खाली लटकलेल्या माणसाले लागू देऊ नका. माणूस सुटला की लगेच खाली जाऊन झेला, झेलल्याचे ५०० पॉईंट, जमिनीवर नेऊन सोडलं की आणखी ५००. कमी उंचीवरून पडला तर आपोआप वाचते, उंचावरून पडला तर गेलाच समजा.

स्मार्ट बॉम्ब (स्क्रीनवरचे सगळे शत्रू एकदम उडवते) गर्दी झाल्यावरच वापरा. हायपरस्पेस (यान एकदम दुसरीकडंच नेणारं बटण) अगदी शेवटी, कारण बाहेर निघताना यान फुटाचा धोका असते. सगळी माणसं गेली तर ग्रहच फुटते न् उरलेले सगळे लँडर म्युटंट होतात, म्हणून एक तरी माणूस जपाच.

न् लोडशेडिंगचा टाइम पाहून एमुलेटरमधे सेव्ह स्टेट मारत जा, म्हणजे गेम हाय तसाच साठवून ठेवा.