डिझेल पिकअपचा टर्बो बूस्ट : आधी मोजावा, मग जुळवावा

भरलेली पिकअप केरीहून चोर्ला घाट चढताना पूर्वीसारखी ओढत नाही, तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर यावे लागते आणि मागे काळा धूर दिसतो, अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये आली की पुष्कळदा पहिला पाना टर्बोच्या अॅक्च्युएटर रॉडलाच, म्हणजे टर्बोची झडप हलवणाऱ्या दांड्यालाच, लागतो. रॉडचे आटे आवळले की काही दिवस गाडी बरी वाटते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. परंतु रॉडला हात लावणे ही या कामातील शेवटची पायरी आहे. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा जादा दाब, कमी पडण्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते, आणि ते तसेच ठेवून रॉड आवळला तर गळती भरून काढण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. टर्बोचा शाफ्ट मुळातच मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्यावर आणखी ओझे टाकणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय.

बूस्ट वाढला म्हणजे ताकद वाढलीच, हा समज डिझेल इंजिनाच्या बाबतीत खरा नाही. डिझेल इंजिनाची ताकद आत जाणाऱ्या डिझेलवर ठरते, आणि ते डिझेल पूर्ण जळावे एवढी हवा पुरवणे हे टर्बोचे काम असते. हवा कमी पडली तर न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो आणि सिलिंडरमधील तापमान वाढते. हवा गरजेपेक्षा जास्त झाली तर मात्र ओढ फारशी वाढत नाही. म्हणून आपले उद्दिष्ट एवढेच असावे की, कंपनीने त्या इंजिनासाठी जो बूस्ट ठरवून दिला आहे तो पुन्हा मिळावा. तो आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आधीच काढून ठेवावा. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

धुरावरून सुरुवातीचा अंदाज बांधता येतो. काळा धूर आहे आणि ओढ नाही, तर डिझेल येत आहे पण हवा कमी पडत आहे. धूरही नाही आणि ओढही नाही, तर डिझेलच कमी दिले जात आहे, असे समजावे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांपासून) पंपाच्या माथ्यावरील डायफ्रामपर्यंत एक बारीक रबरी नळी जाते. ती चिरली की टर्बो उत्तम असूनही पंपाला बूस्टची खबरच लागत नाही. संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल गाड्यांत हीच स्थिती ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतः आणतो. बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी असल्यास पी०२९९ आणि जास्त असल्यास पी०२३४ हा कोड नोंदवून तो डिझेल कमी करतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद मुद्दाम कमी ठेवलेल्या अवस्थेत, जाते. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. तिथे बूस्ट जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, आधी टर्बोचे सील आणि इंजिन तपासावे.

यानंतर मोजमाप. स्कॅनरवर मॅनिफोल्डचा जो दाब दिसतो तो निरपेक्ष दाब असतो, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. पणजीत किंवा म्हापशात इंजिन बंद ठेवून केवळ चावी ऑन केली तर तो साधारण १०० किलोपास्कल दिसला पाहिजे. तो तेव्हाच बराच कमी किंवा जास्त दिसत असेल, तर सेन्सरवर काजळी बसली आहे किंवा तो बिघडला आहे, आणि त्याच्या भरवशावर पुढचे कोणतेही काम करू नये. भर चढावर स्कॅनरने २२० किलोपास्कल दाखवले, तर त्यातून बाहेरचे १०० वजा करून उरलेले १२०, म्हणजे १.२ बार किंवा सुमारे १७.४ पीएसआय, हा खरा बूस्ट असतो. साधे यांत्रिक गेज मात्र थेट हा फरकच दाखवते. चोर्ल्याच्या माथ्यावर, साधारण ८०० मीटर उंचीवर, बाहेरचा दाबच ९२ किलोपास्कलच्या आसपास उतरतो. त्यामुळे पायथ्याचे आणि माथ्याचे आकडे एकमेकांशी ताडून पाहताना ही वजाबाकी विसरून चालणार नाही.

आकडा खरोखरच कमी आला, तर गळती शोधावी. या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. एअर फिल्टर काढून पाहावा. डिचोली, सांगे किंवा धारबांदोड्याच्या धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या आधीच तुंबतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचा) आणि तेथून इंजिनापर्यंतचा प्रत्येक होज हाताने दाबून पाहावा. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा इथे चांगला उपयोग होतो. बूस्टच्या हवेबरोबर ऑइलचा थोडा अंश नेहमीच वाहत असतो, आणि जिथून हवा निसटते तिथे तो बाहेर येऊन त्यावर माती चिकटते. क्लिपच्या कडेला काळपट तांबड्या चिखलाची ओलसर रेघ दिसली, तर तिथे बोट फिरवावे. होजच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी मागे, वरून न दिसणारी चीर असते. ती एरवी मिटलेली राहते आणि होज दोन्ही हातांनी पिळल्यावरच ओठ उघडावेत तशी उघडते. इंजिन नुसते आयडलवर असताना ती सापडत नाही, कारण त्या वेळी बूस्टच नसतो.

चीर डोळ्यांना दिसली नाही, तर टर्बोच्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेले बूच घट्ट आवळून कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे. गाडीच्या ठरलेल्या बूस्टपेक्षा जास्त दाब देऊ नये, आणि बुचासमोर तोंड आणून उभे राहू नये. याच वेळी इंटरकूलरचे कोपरेही पाहावेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या सांध्यावर काजळीचे पट्टे दिसत असतील, तर टर्बो फिरवणारा वायूच वाया जात आहे.

आता अॅक्च्युएटर. परंतु त्याआधी टर्बो कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखणे आवश्यक आहे. साध्या वेस्टगेट टर्बोत कॉम्प्रेसरच्या बाजूचा दाब नळीने अॅक्च्युएटरच्या डब्यात जातो, आतला डायफ्राम स्प्रिंगला दाबतो, रॉड बाहेर सरकतो आणि झडप उघडून जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सायलेन्सरकडे निघून जातो. व्हीजीटी टर्बोत झडपेऐवजी फिरती पाती असतात. बहुधा ती व्हॅक्यूमने आणि काही गाड्यांत इलेक्ट्रिक मोटरने हलतात. व्हीजीटीमध्ये व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड आणि पात्यांवरील काजळी एवढेच तपासावे. हँडपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर रॉड न अडखळता आत गेला पाहिजे आणि मिनिटभर तिथे टिकला पाहिजे. त्याचा स्टॉप स्क्रू कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो, तो रस्त्यावर जुळवता येत नाही. त्याला हात लावू नये. मोटरचा अॅक्च्युएटर बदलल्यावर स्कॅनरने कॅलिब्रेशन करावे लागते.

वेस्टगेट असेल, तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर कामाला लागावे. हँडपंपाने डब्यात हळूहळू दाब द्यावा आणि रॉड किती दाबाला हलू लागतो, ते गेजवर पाहून लिहून ठेवावे. दाब टिकत नसेल तर डायफ्राम फाटलेला आहे आणि अॅक्च्युएटर बदलण्यावाचून पर्याय नाही. त्यानंतर पिनवरचे लॉक काढून रॉड मोकळा करावा आणि झडपेचा लिव्हर बोटाने हलवून पाहावा. मालीम किंवा कुटबण जेटीवरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत खारे पाणी आणि खारी हवा यांमुळे हा लिव्हर गंजून अर्धवट उघडा राहतो, आणि मग रॉड कितीही आवळला तरी बूस्ट येत नाही. गंज सोडवणारे तेल घालून तो मोकळा करावा. तो सहज मिटू लागला की गाडी चालवून पुन्हा मोजावे. अनेकदा पुढचे काम करण्याची गरजच उरत नाही.

एवढे करूनही अॅक्च्युएटर मॅन्युअलमधील आकड्याच्या आधीच उघडत असेल, तरच रॉड जुळवावा. रॉडचे टोक वेल्ड केलेले किंवा दाबून पक्के केलेले असेल, तर तो जुळवण्यासाठी बनवलेला नाही, असे समजावे. आटे असतील तर मूळ जागी पांढऱ्या रंगाची खूण करावी आणि व्हर्नियरने लांबी मोजून ठेवावी. लॉक नट बहुधा १० नंबरच्या पान्याने सुटतो, पण तो सोडवताना रॉड पक्कडीने धरून ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण रॉड पिळला गेला तर आतला डायफ्राम फाटतो. रॉड आखूड केल्याने झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. लांब केल्याने तो कमी होतो. एका वेळी फक्त अर्धा फेरा द्यावा. एक मिलिमीटर पिचच्या आट्यावर तो अर्धा मिलिमीटर भरतो. मग लॉक नट आवळून, पिनवर नवे लॉक बसवून हँडपंपाने पुन्हा तपासावे. अॅक्च्युएटरची नळी काढून टाकणे किंवा तिला चिमटा लावणे हा मार्ग कधीही अवलंबू नये. त्याने झडप उघडतच नाही आणि बूस्टला मर्यादा राहत नाही.

चाचणी पूर्वी ज्या वजनाने आणि ज्या चढावर घेतली होती, त्याच वजनाने आणि त्याच चढावर घ्यावी, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळवून पाहता येतात. केरीचा किंवा मोलेहून अनमोडचा चढ यासाठी योग्य आहे, मात्र पावसात आणि धुक्यात तिथे चाचणी घेऊ नये. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर द्यावा. आकडा शेजारी बसलेल्या माणसाने वाचावा, चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी. बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर जाताना दिसला, तर लगेच पाय काढून रॉड अर्धा फेरा लांब करावा. चाचणीनंतर इंजिन एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवून मगच बंद करावे, जेणेकरून बेअरिंगमधील ऑइल तापून जळणार नाही.

कंपनीच्या मर्यादेपलीकडे बूस्ट वाढवणे किंवा ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून घेणे हा वेगळा विषय आहे, आणि धंद्याच्या गाडीसाठी मी तो सुचवणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. मूळ सेटिंगवर आणलेली गाडी मात्र धूर कमी सोडते, म्हणून काम संपल्यावर पीयूसी केंद्रावर धुराची चाचणी करून घ्यावी. रॉडची आधीची आणि नंतरची लांबी, उघडण्याचा दाब आणि चढावरचा बूस्ट हे आकडे तारखेसह गाडीच्या सर्व्हिस वहीत लिहून ठेवावेत. किनारपट्टीवर चालणाऱ्या गाडीचा लिव्हर पावसाळा संपल्यावर एकदा हलवून पाहावा आणि पिनवर उष्णता सोसणारे ग्रीस लावावे.