रेपो दराची बातमी आली की आधी वही उघडा

नोटा छापतो आपण, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. त्यांचं व्याज मात्र ठरतं मुंबईत. साधारण दर दोन महिन्यांनी सकाळी दहाला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बोलायला बसतात आणि साडेदहापर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘एफडी मोडा’, ‘सोनं घ्या’, ‘मार्केट सुटणार’ असा गलका सुरू होतो. या गलक्यात मीही होते. २०२१ च्या दिवाळीत आईच्या निवृत्तीचे सगळे पैसे मी एकरकमी पाच वर्षांच्या ठेवीत टाकले, कारण व्याज बराच काळ खालीच राहणार असं तेव्हा रोज कानावर पडत होतं. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीचीही वाट न पाहता रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. शेजारच्या काकू नव्या ठेवीवर जास्त व्याज घेत होत्या आणि आईची ठेव जुन्याच दराला चिकटून. मोडायची म्हटलं तर दंड.

तेव्हापासून मी बातमीआधी वही उघडते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

पहिलं पान: पैसे कधी लागणार?

प्रत्येक रकमेपुढे तिची गरज आणि महिना लिहा. मुलीची कॉलेजची फी, पुढचा जून. आईचा घरखर्च, दर महिन्याला. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं कर्ज, अजून १६ वर्षं. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम), निवृत्तीसाठी. मग प्रत्येक ओळीपुढे एवढंच लिहा की व्याजदर बदलला तर या रकमेचं काही बिघडतं का. बहुतेक ओळींपुढे ‘नाही’ येतं. बातमीचा निम्मा ताप इथेच उतरतो.

मग कॅलेंडरवर खुणा

रेपो दर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या बैठकांच्या तारखा आर्थिक वर्षासाठी आधीच जाहीर होतात. किरकोळ बाजारातल्या महागाईचा आकडा साधारण दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. पोस्टाच्या योजनांचे व्याजदर दर तिमाहीला ठरतात. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह वर्षातून आठदा बसते. सोनं किंवा परदेशी फंड नसेल तर तिच्यासाठी रात्री जागायचं कारण नाही.

बातमीतला आकडा सोडा, पुढचं वाक्य वाचा

दरकपात होणार हे बाजाराने आधीच धरलेलं असेल, तर कपातीच्या दिवशी काहीच हलत नाही. हलवतो तो अंदाज आणि निर्णय यांतला फरक. ६ जून २०२५ चं उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेने रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने कमी करून ५.५० वर आणला. ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. पण त्याच निवेदनात धोरणाची भूमिका ‘उदार’वरून ‘तटस्थ’ केली होती. अर्थ असा की आता आणखी कपातीला फारशी जागा नाही. पुढच्या काही आठवड्यांत लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांवरचा परतावा उतरायच्या ऐवजी चढला, म्हणजेच रोख्यांच्या किमती पडल्या. मथळा वाचून लांब मुदतीच्या रोख्यांच्या फंडात शिरलेल्यांची पंचाईत झाली.

म्हणून निवेदनात तीन गोष्टी शोधा: भूमिका कोणती, समितीच्या सहा सदस्यांपैकी किती जण निर्णयाच्या बाजूने, आणि पुढच्या महागाईचा अंदाज वर नेलाय की खाली.

महागाई आणि आपला कांदा

नाशिककरांची इथे हमखास गफलत होते. लासलगावला कांदा चढला की आपल्याला वाटतं, झालं, आता व्याज वाढणार. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या महागाईच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता खरा, पण एकट्या कांद्याचा एक टक्क्याहूनही कमी. शिवाय रेपो दर वाढवून कोणाच्या साठवणीच्या चाळीतला कांदा बाहेर येत नाही, हे रिझर्व्ह बँकेलाही कळतं. भाजीची तात्पुरती उसळी ती सहसा सोडून देते. ती पाहते ते हे, की महागाई ४ टक्क्यांच्या आसपास आहे का, २ ते ६ च्या पट्ट्याबाहेर टिकून राहतेय का, आणि अन्न व इंधन वगळूनही चढतेय का.

कांद्यावर चालतं ते सरकारचं औषध, आणि ते आपल्याच जिल्ह्याला कडू लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलं आणि ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. निफाड-चांदवडकडे ज्यांचं घर शेतीवर चालतं त्यांच्यासाठी ही बातमी रेपो दरापेक्षा मोठी आहे. अशा घराने आणीबाणीचा पैसा नोकरदारापेक्षा जास्त ठेवावा आणि तो शेअरमध्ये अजिबात नको. शहरात महागाई उतरल्याचा आनंद होतो, तेव्हा पिंपळगावच्या बाजार समितीत कोणाचा तरी वाहतूक खर्चही निघत नसतो.

आणखी एक फसवा आकडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्के होती, तेव्हा भाज्या वर्षभरात ४० टक्क्यांहून जास्त महागल्या होत्या. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, दर ०.२५ टक्के. किराणा स्वस्त झाला का? फारसा नाही. जीएसटी कपातीचा थोडा हात होता, पण तुलना गेल्या वर्षीच्या उंच आकड्याशी होती हेही मोठं कारण. असा आकडा धरून ‘माझ्या ठेवीवर आता महागाईच्या वर सहा टक्के सुटतात’ असा हिशेब करू नका. मी ४ ते ५ टक्के धरते. सात टक्क्यांची ठेव, वीस टक्के कर गेला की ५.६, त्यातून महागाई वजा केली की हातात काय राहतं ते दिसतं.

कर्ज असेल तर आज करायचं काम

रेपो २०२५ मध्ये ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. त्यातलं तुमच्यापर्यंत किती पोचलं? ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेने दिलेली बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, बहुतेकदा रेपोशी, जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. जुनं कर्ज एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर) असेल किंवा गृहवित्त कंपनीचं असेल, तर फायदा रेंगाळतो. शाखेत जा, कर्ज कशाशी जोडलंय ते विचारा, बदलून घ्यायचं शुल्क किती ते लेखी घ्या.

आणि दर उतरला म्हणून हप्ता कमी करून घेऊ नका. ३० लाख, २० वर्षं, ९ टक्के: हप्ता सुमारे २६,९९०. दर सुरुवातीलाच ८ झाला आणि हप्ता २५,०९० वर आणला, तर २० वर्षांत साधारण साडेचार लाख वाचतात. हप्ता तोच ठेवला तर कर्ज तीन वर्षं आधी फिटतं आणि जवळपास दहा लाख वाचतात. हा एक अर्ज कुठल्याही शेअर टिपेपेक्षा जास्त कमावून देतो.

ठेवींची शिडी

आईच्या ठेवीवरून शिकलेली गोष्ट ही. दहा लाख असतील तर दोन-दोन लाखांच्या एक, दोन, तीन, चार, पाच वर्षांच्या ठेवी करा. दरवर्षी एक सुटेल, ती पुन्हा पाच वर्षांसाठी लावा. दर चढो वा उतरो, सगळे पैसे एकाच दरात अडकत नाहीत. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवींना मिळून व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पाऊण टक्का जास्त मिळतोय म्हणून गल्लीतल्या पतसंस्थेत सगळं ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

डेट फंड, सोनं, शेअर

डेट फंडाच्या, म्हणजे रोख्यांत पैसे लावणाऱ्या फंडाच्या, माहितीपत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा शोधा. तो ७ असेल तर बाजारातले दर एक टक्का चढल्यावर फंड साधारण सात टक्के पडतो, उतरल्यावर तेवढाच चढतो. फी दोन वर्षांत भरायची असेल तर सातचा फंड तुमचा नाही, कपात येवो न येवो.

सराफ बाजारातला भाव तीन गोष्टींनी बनतो: डॉलरमधला जागतिक भाव, रुपया आणि आयातशुल्क. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि त्याच दिवशी सोनं घसरलं. लग्नासाठी घ्यायचं असेल तर थोडं थोडं घ्या.

शेअरबाबत एकच सांगते. ‘दर उतरले, बँकांचे शेअर घ्या’ हे अर्धसत्य आहे. रेपोशी जोडलेल्या कर्जांचं व्याज लगेच उतरतं, ठेवींचं हळूहळू, त्यामुळे सुरुवातीला बँकेचाच नफा चेपतो. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्याला मात्र कॅश क्रेडिटचं (रोजच्या धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचं) व्याज उतरल्याचा दिलासा तुलनेने लवकर मिळतो. दीर्घ मुदतीची एसआयपी यातल्या कशासाठीही थांबवू नका.

धोरणाच्या आदल्या रात्री वहीत एक ओळ लिहायची सवय ठेवा: ‘उद्या कपात झाली तर मी अमुक करणार, नाही झाली तर तमुक.’ माझ्या वहीत गेल्या कित्येक वेळा दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘काही नाही’. फक्त डिसेंबर २०२५ च्या पानावर खाली पेन्सिलीने लिहिलंय: बँकेत जाणे, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्याचा अर्ज, पोच घेणे.