शिरोलीत साहेब म्हणून रुजू होताय?

पुण्या-नाशकाकडून कोल्हापूरच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नाहीतर मशिन शॉपमध्ये साहेब म्हणून आलेलं कुणी ना कुणी दरवर्षी भेटतं. पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली: "इथली माणसं ऐकत नाहीत." २०११ मध्ये आले तेव्हा मीही हेच म्हणायचे. मूळची अकोल्याची, सहा वर्षं पिंपरी-चिंचवडला क्वालिटीत काढलेली. आता तांबडा आधी की पांढरा यावर तावातावाने भांडण्याइतकी इथली झालेय.

घराचं आधी उरकते. काम शिरोलीच्या एमआयडीसीत असेल तर रुईकर कॉलनीकडे बघा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असेल तर उजळाईवाडीच्या बाजूला. आणि घर आवडलं की एजंटला नाही, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, "२०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं?" झालं. घरामुळे कोल्हापूर सोडून गेलेलं मी कुणी पाहिलं नाही. शॉपमुळे, म्हणजे कारखान्यात जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथल्या कटकटीमुळे, गेलेले पाहिलेत, म्हणून बाकीचं सगळं त्याबद्दल.

इथे चढ्या आवाजात बोलणं म्हणजे भांडण नव्हे. मोल्डिंगवरचा, म्हणजे वाळूचे साचे भरणारा, माणूस चारचौघांत "काय वो म्याडम, हे काय चालवलंय?" म्हणेल, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातला खर्डा पुढे करेल. घाबरायचं ते गप्प झालेल्याला. "बघतो की" एवढंच बोलून मान वळवून निघून गेला, तर काम होणार नाही असं धरून चला. आणि चूक बहुतेक वेळा आपल्याकडूनच झालेली असते.

माझी कशी झाली ते सांगते. पहिल्या कंपनीत रिजेक्शन, म्हणजे बाद मालाचं प्रमाण, वाढलं होतं. पिंपरीच्या सवयीने मी मेल टाकला. त्यात तक्ता, आलेख, मोल्डिंगच्या शिफ्ट इनचार्जचं नाव आणि सीसीत मालक. मालकांनी दुसऱ्या दिवशी शॉपवर सगळ्यांदेखत त्याला झापलं. त्या आठवड्यात रिजेक्शन एकदम खाली आलं आणि मी खूश. मग स्टोअरमधला एकजण हळूच म्हणाला, "म्याडम, बाद माल मोजायच्या आधीच भट्टीत जातोय." फाउंड्रीत हे फार सोपं असतं. रनर-रायझर, म्हणजे ओतताना मालाला चिकटून राहिलेले जादा धातूचे तुकडे, रोज परत वितळायला जातातच, त्यात दहा-वीस बाद कास्टिंग (ओतलेले भाग) मिसळली तर कोण बघतंय? माझा आलेख सुधारला होता, माल बाद करणारी साच्याची वाळू होती तशीच होती.

त्या इनचार्जची मी माफी मागितली. आधी केबिनमध्ये बोलावून मागणार होते. आमच्यातले एक जुने मोल्डर होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. ते म्हणाले, "पाणउतारा शॉपवर झालाय, माफी केबिनमधी कशाला?" म्हणून शॉपवरच मागितली, शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं उभी असताना. पाय लटपटत होते. त्यानंतर आकडे पुन्हा वर गेले, कारण खरे आकडे यायला लागले.

वाळूचं खरं दुखणंही तात्यांनीच दाखवलं. मिक्सरमधली मूठभर वाळू दाबायची, तो गोळा मधोमध मोडायचा, कडा बघायच्या आणि सांगायचं, "वली हाय." लॅबचा आकडा नंतर यायचा आणि ओलावा खरंच चार टक्क्यांच्या वर निघायचा. मी लॅब बंद केली नाही, करूही नये. पण लॅबचा रिपोर्ट घेऊन आधी तात्यांकडे जायला लागले, मग मालकांकडे. एवढ्याशा बदलाने शॉपवर माझं वजन जेवढं वाढलं, तेवढं तोवरच्या कुठल्याच प्रेझेंटेशनने वाढलं नव्हतं.

मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये हर्सी आणि ब्लँचर्ड यांची मांडणी तुम्हालाही शिकवली असेल. १९६९ ची आहे. समोरचा माणूस त्या कामात किती तयार आहे हे बघून ठरवायचं, की त्याला नुसतं सांगायचं, पटवून द्यायचं, विचारात घ्यायचं की काम सोपवून बाजूला व्हायचं. मला तेव्हा ते परीक्षेपुरतं वाटलं होतं. इथे येऊन कळलं, आणि वर हेही कळलं की माणूस तोच असला तरी वेळ बदलली की आपली पद्धत बदलावी लागते. एसजी आयर्नचं बघा, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात धरतं ते ओतीव लोखंड. मॅग्नेशियम दिल्यावर त्याचा असर मिनिटागणिक उतरत जातो. साधारण दहा मिनिटांत ओतकाम उरकलं नाही तर ग्रॅफाइटचे गोळे नीट धरत नाहीत. वितळलेल्या धातूचं लेडल (ओतायचं भांडं) क्रेनला लटकत असताना "तुम्हाला काय वाटतं?" विचारणारा साहेब नको. तिथे एकच आवाज हवा, आणि बऱ्याचदा तो तुमचा नसून ओतणाऱ्या मिस्त्रीचा असायला हवा. तीच माणसं दुपारी बाद कास्टिंगभोवती जमली की तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. साहेबाने आधीच "हा ब्लो होल (वायूने पडलेली पोकळी) वाळूमुळे" म्हटलं की बाकीचे माना डोलावून मोकळे होतात.

एखाद्या संध्याकाळी इथली कुस्तीची तालीम बघून या. वस्ताद काठावरून सूचना देत बसत नाही, लाल मातीत उतरतो, आणि कुठल्या पोराचा खांदा दुखावलाय हे त्याला ठाऊक असतं. इथली बरीच माणसं साहेबालाही त्याच मापाने मोजतात. म्हणून रोज तुम्ही स्वतः मोल्ड भरावेत असं नाही, मी भरायला गेले तेव्हा दोन मोल्ड बाद केले. पण शॉपवर उभं राहिलेलं मोजलं जातं, केबिनमध्ये बसलेलं नाही.

भाषेचं एक. दुसऱ्या आठवड्यात "भावा, नाद खुळा" सुरू करू नका, टिंगल वाटते. आपली अकोल्याची असो की नाशिकची, तीच बोला, लोकांना चालते. मात्र वयाने मोठ्या कामगाराला अरे-तुरे अजिबात नको, मग तो हेल्पर असला तरी. तात्या, मामा, आण्णा, शॉपवर जे रूढ असेल ते म्हणा. कोअर शॉपमधल्या (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) बायका "मी जातो, मी करतो" म्हणतील, त्याला हसू नका. मला "म्याडम"वरून "ताई"वर यायला दोन वर्षं लागली. ते मागून मिळत नाही.

रजेचं कोष्टक पिंपरीचं आणू नका. तुमचा निम्मा कामगार शेतकरी आहे. उसाच्या हंगामात "तोड आलीया" म्हणाला तर ती थाप नव्हे. साखर कारखान्याची तोड आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही, आणि ऊस वाळला तर वजन जातं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. त्या आठवड्यात मोठी डिस्पॅच ठरवणारा नवा साहेब असतोच एखादा. वर्षाच्या सुरुवातीला इनचार्जलाच समोर बसवून या तारखा लिहून घ्या. त्यांनीच आखलेलं वेळापत्रक असलं की बदली माणूसही तेच शोधतात.

सोपवणं मला सगळ्यात अवघड गेलं, तेही पुराने शिकवलं. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, हायवे पाण्याखाली, मी नदीच्या अलीकडे आणि शिरोली पलीकडे. तात्यांना फोन लावून भराभर सूचना सांगायला लागले. ते शांतपणे म्हणाले, "भट्टी कालच रिकामी केलीया. वीज जाणार म्हटल्यावर मेटल आत गोठवायची व्हय? तुम्ही घरच्यांचं बघा." मी फोन ठेवला आणि पुढचे चार दिवस तिकडून येईल तेवढाच फोन घेतला. रस्ता खुला होऊन मी पोचले तेव्हा पॅटर्न (ज्यांवरून साचे भरतात ते नमुने) माळ्यावर नीट चढवलेले होते. मी सांगितलं असतं तर आधी कॉम्प्युटर हलवायला सांगितलं असतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःहून एक नाइट शिफ्ट करा. सकाळी सुटताना कुणीतरी म्हणेल, "चला, मिसळ खाऊया." डोळे मिटत असले तरी जा. कट तिखट लागेल, पाणी मागितलं की हसतील. बिल द्यायला जाऊ नका, देऊ देणार नाहीत. पुढच्या वेळी गल्ल्यावर आधीच देऊन ठेवा.